अंतराळातली दिवाबत्ती

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना इकडचं थोडं तिकडे झालं आहे, पण बोलले तेच लिहिलं आहे.)

आदरणीय बाई, सर, आणि १९८९ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

काल रात्री जेवताना तिघांनी मला विचारलं, "तू नासात आहेस ना?" तर आधी तेवढा खुलासा करते. मी नासात नाही. आमच्या आईने गावात तसं सांगून ठेवलं आहे आणि ते आता मागे घेता येत नाही. मी एका लहानशा प्रयोगशाळेत काम करते. तिथे आम्ही दिवे मोजतो. दिवा किती उजेड देतो, कोणत्या रंगाचा देतो, थरथरतो का, किती तापतो, किती वर्षांनी पिवळा पडतो, हे बघायचं. त्यातले काही दिवे विमानांत जातात, काही दवाखान्यांत, आणि काही माणसं बसणाऱ्या अंतराळयानांसाठी असतात. म्हणजे मी रॉकेटवाली नाही, दिवाबत्तीवाली आहे. रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायचं काम घरात माझ्याकडे होतं, तेच अजून चालू आहे असं समजा.

अंतराळयानात दिवे लावायला वेगळं काय डोकं लागतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून कंदिलापासूनच सुरुवात करते.

आपल्या वेळी परीक्षेच्या दिवसांत हमखास लाइट जायची आणि कंदील निघायचा. तो कंदील अंतराळ स्थानकात नेला तर काय होईल? कंदील जळतो कसा, हे बाईंनी आठवीत शिकवलं होतं. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते, वातीला प्राणवायू मिळतो. तिथे वजनच जाणवत नाही, म्हणून हलकं-जड हा भेद उरत नाही. गरम हवा वर जात नाही, कारण वर असं काही नसतंच. तिथे पेटवलेल्या मेणबत्तीची ज्योत निमुळती होत नाही, गोल, निळसर, मंद अशी होते. हे प्रयोग खरोखर करून पाहिलेले आहेत. म्हणजे आपला कंदील तिथे स्वतःच्याच धुरात गुदमरेल.

आता तुम्ही म्हणाल, तिथे कंदील कोण नेतोय? बरोबर. पण एलईडीलाही तोच नियम लागतो. एलईडी तापतो. घरातल्या बल्बच्या मागे ज्या धातूच्या पाकळ्या असतात, त्यांच्यावरून हवा आपोआप वर सरकते आणि दिवा निवतो. यानात ती हवा हलत नाही. उष्णता धातूतून ओढून दुसरीकडे न्यावी लागते, नाहीतर पंख्याने हवा ढकलावी लागते. पंखा आला की आवाज आला, वीज आली, बिघडणारी आणखी एक वस्तू आली. म्हणून आमच्याकडे कुठलाही दिवा आला की पहिला प्रश्न उजेडाचा नसतो. याची धग जाणार कुठे, हा असतो.

पूर्वी तिथे ट्यूबलाइट होत्या. अगदी आपल्या वर्गात होत्या त्याच जातीच्या, फक्त धडधाकट वेष्टनात बसवलेल्या. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. आपल्या वर्गात ट्यूब फुटली की (कोणी फोडली होती ते मी सांगणार नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे) काचा खाली पडायच्या, शिपाईकाका झाडून घ्यायचे, खिडक्या उघड्या असायच्या. तिथे काचा खाली पडत नाहीत, हवेत राहतात, डोळ्यात, नाकात जाऊ शकतात. आणि पाऱ्याची वाफ घालवायला खिडकी उघडता येत नाही. शिवाय वर्षं गेली तशा त्या ट्यूब एकेक करून बंद पडू लागल्या, काही कोपऱ्यांत अंधार साचायला लागला. त्या बदलायच्याच होत्या. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्यांच्या जागी एलईडी बसायला लागले.

तेव्हा ठरवलं असतं तर जेवढ्यास तेवढा, पांढऱ्या ट्यूबच्या जागी पांढरा एलईडी बसवून काम संपलं असतं. तसं केलं नाही. का नाही केलं, ते सांगण्यासाठी मी आज इथे उभी आहे, आणि त्याचा आपल्या अभ्यासिकेशी संबंध आहे. तो शेवटी येईलच.

स्थानक पृथ्वीपासून साधारण चारशे किलोमीटर उंचीवर फिरतं. एका फेरीला जेमतेम दीड तास. म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे सोळा वेळा उजाडतं आणि सोळा वेळा मावळतं. आपण पाचवीत असताना, १९८४ च्या एप्रिलमध्ये, राकेश शर्मा गेले तेव्हा आपण वार्षिक परीक्षेचा अभ्यास सोडून रेडिओला कान लावून बसलो होतो, आठवतं? ते आठवडाभर सॅल्यूतवर होते. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला गेले, ते स्थानकात अठरा दिवस राहिले. अठरा गुणिले सोळा करा. आपण साधारण साडेनऊ महिन्यांत बघतो तेवढे सूर्योदय त्यांनी अडीच आठवड्यांत ओलांडले. बघायला छानच. पण शरीराने कुठला सूर्योदय खरा मानायचा?

स्थानकावरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालतं. उठायची वेळ ठरलेली, झोपायची ठरलेली, झोपायला टेलिफोन बूथएवढी खोली. झोपायला वेळही पुरेसा दिलेला असतो, साडेआठ तास. तरी झोप होत नाही. २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शटलमधून आणि स्थानकावर गेलेल्या अंतराळवीरांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. सरासरी भरली सहा तासांच्या आसपास. आणि स्थानकावरच्या चारांपैकी तिघांनी कधी ना कधी झोपेचं औषध घेतलं होतं. ही जगातली सगळ्यात निवडून काढलेली, सगळ्यात तंदुरुस्त माणसं. मध्येच हाक आली तर त्यांना काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. त्यातच एखादं यान जोडायची वेळ मध्यरात्री आली, तर सगळ्यांची झोप एका झटक्यात कितीतरी तास पुढे-मागे सरकवावी लागते.

इथे जरा थांबते आणि घरचं सांगते.

माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. निम्म्या वर्गाचे वडील तिथेच होते. गळीत हंगामात तीन पाळ्या. एक आठवडा रातपाळी, पुढचा आठवडा दुसरी, मग पहिली. रातपाळीहून ते सकाळी यायचे, आंघोळ करायचे आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून आतल्या खोलीत झोपायचे. आम्हाला ताकीद असायची, आवाज करायचा नाही. आम्ही आवाज करत नव्हतो. तरी ते तासा-दोन तासांनी उठून बसायचे. आई म्हणायची, "यांना झोपच नको असते." मी आठवीत असताना, जानेवारीत, पहाटे चारच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनचा दोष नव्हता, कोणाचाच दोष नव्हता असं चौकशीत ठरलं. मला ते नंतर कधीतरी म्हणाले, "डोळे उघडे होते गं माझे. डोकं झोपलं होतं." ते वाक्य मी पुढे फार वर्षं वागवलं, पण त्याचा अर्थ मला उशिरा कळला. उशिरा म्हणजे एक चूक करून झाल्यावर.

१९९६ साली मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पहिलीच नोकरी धरली होती. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नाही, माझी आहे. रातपाळीत कामात चुका होतात, उजेड वाढवा, असं काम माझ्याकडे आलं. मी हौसेने केलं. जुने पिवळे दिवे काढले, लख्ख पांढरे लावले, उजेड दुपटीहून जास्त केला. वडिलांची बोटं डोळ्यांपुढे होती. वाटलं, आता इथे कोणाचं डोकं झोपणार नाही. झालंही तसंच. चुका कमी झाल्या, माझं कौतुक झालं, साहेबांनी पेढे वाटले. तीन-चार महिन्यांनी सकाळच्या बसमध्ये एक कामगार शेजारी बसला, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो म्हणाला, "मॅडम, दिवे लई भारी झाले. पण आता घरी जाऊन पडलं तरी डोळा लागत नाही. आधी दोन तास तरी लागायचा." मी हसून काहीतरी बोलले. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारायची इच्छाही नव्हती, कारण पेढे वाटून झाले होते.

कारण पुढे पाच-सहा वर्षांनी समजलं, तेव्हा मी शिकायला अमेरिकेत होते. आपल्याला शाळेत शिकवलं की डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, दंडपेशी आणि शंकुपेशी. एक अंधुक उजेडासाठी, एक रंगांसाठी. बाई, तुम्ही बरोबरच शिकवलंत, तेव्हा सगळ्या जगात तेवढंच माहीत होतं. पण पूर्ण अंध असलेल्या काही माणसांवर तेज उजेड टाकला, तर त्यांना काही दिसत नाही आणि तरीही त्यांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणारं द्रव्य, खाली येतं, हे १९९५ साली दिसलं होतं. मग डोळ्यात दुसरं काहीतरी बघतं आहे. २००२ मध्ये ते सापडलं. पडद्यावरच्या काही मोजक्या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, पण चित्र बनवत नाहीत. त्या मेंदूतल्या घड्याळाला फक्त एवढंच कळवतात की बाहेर दिवस आहे की रात्र.

आणि त्या सगळ्यात जास्त कशाने जाग्या होतात? तानापिहिनिपाजा आठवतो? बाईंनी प्रयोगशाळेच्या खिडकीत लोलक धरला होता आणि भिंतीवर पट्टा पडला होता. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. त्यातला 'नि'. आकाशाच्या निळ्याच्या जवळचा रंग, लांबी सुमारे ४८० नॅनोमीटर. लक्षात घ्या, हे योगायोगाने नाही. लाखो वर्षं निळं आकाश म्हणजे दिवस आणि चुलीचा जाळ म्हणजे संध्याकाळ, एवढंच माणसाला माहीत होतं. तांबड्या-नारिंगीला त्या पेशी फारशा दाद देत नाहीत.

माझ्या लख्ख पांढऱ्या दिव्यांत तो 'नि' भरपूर होता. मी त्या कामगारांना पहाटेपर्यंत दुपार दाखवत होते आणि सात वाजता म्हणत होते, जा, आता झोपा. माझ्या वडिलांचं उलट होतं. त्यांना रात्रभर मिणमिणता उजेड होता, म्हणून डोकं झोपायचं, आणि घरी येताना सायकलवर समोरून ऊन यायचं, म्हणून टॉवेलखाली डोळा लागायचा नाही. त्यांना झोप नको नव्हती. त्यांच्या झोपेची वेळ रोज उन्हाने पुसली जात होती.

आता स्थानकातले दिवे सांगते, कारण तिथे हे सगळं एका दिव्यात आणलं आहे. तोच दिवा, तीन तऱ्हेने लागतो. पहिली तऱ्हा रोजच्या कामाची. रंग ४५०० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर, उजेड २१० लक्स. दुसरी जागं करण्याची, किंवा घड्याळ सरकवायचं असेल तेव्हाची. ६५०० केल्विन, निळसर पांढरा, ४२० लक्स. तिसरी झोपेआधीची. २७०० केल्विन, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ९० लक्स. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका 'नि' जास्त, एवढं ढोबळ धरून चाला. झोपायच्या आधी तिसरी तऱ्हा लावायची, सकाळी किंवा पाळी बदलताना दुसरी. दिवस-रात्र खिडकीतून येत नाहीत म्हणून छतातून आणल्या.

छत म्हटलं, पण तिथे छतही मानावंच लागतं. चारही भिंती सारख्याच, पाय कुठेही करता येतात. मग दिवे शक्यतो एकाच बाजूला लावायचे आणि त्या बाजूला 'वर' म्हणायचं. रशियाच्या मीर स्थानकात मुख्य भागात जमिनीवर गडद हिरवा गालिचा, भिंती फिक्या हिरव्या आणि दिव्यांची बाजू पांढरी असं केलं होतं. सगळं नुसतं दिसण्यासाठी, कारण चालत कोणीच नाही. पण माणसाला ते लागतं. आपल्याकडे उजेड वरून येतो हे डोक्यात इतकं मुरलेलं आहे, की खालून उजेड दिला तर समोरच्याचा चेहराही ओळखीचा वाटत नाही. गणपतीच्या देखाव्यातले राक्षस आठवा, त्यांच्या तोंडावर खालूनच बल्ब असायचा.

रंगाचंही एक आहे. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांच्याखाली लाल साडी तपकिरी दिसायची आणि नवरात्रात बायका रस्त्यावर उभं राहून रंगावरून वाद घालायच्या. यानात असा दिवा लावला तर वायरींचे रंग कळणार नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणाचे ओठ निळे पडताहेत, हे शेजारच्याला दिसणार नाही. तिथे दवाखाना नाही, शेजारचाच डॉक्टर. शिवाय बरेच दिवस तिथे राहिलेल्यांपैकी काहींची जवळची नजर कमी होते, चष्मा बदलावा लागतो. तेव्हा झोपेसाठी उजेड कमी करायचा, रंग पिवळा ठेवायचा, आणि तरी रंग खरे दिसले पाहिजेत, अक्षर वाचता आलं पाहिजे. या ओढाताणीतच आमचे दिवस जातात. एक साधलं की दुसरं सुटतं.

आणि दिवे गेलेच तर? १९९७ च्या २५ जूनला सामानाचं एक यान मीरवर आदळलं. हवा गळायला लागली. आतल्या तिघांनी मधला दरवाजा बंद करण्यासाठी त्यातून गेलेल्या केबल तोडल्या. त्याच केबलमधून वीज येत होती. दरवाजा लागला, माणसं वाचली, पण स्थानक गिरकी घेत राहिलं, सौरपट्ट्यांची तोंडं सूर्याकडून फिरली आणि सावलीच्या बाजूला गेल्यावर आत अंधार झाला. पंखेही थांबले. मायकेल फोल यांनी खिडकीशी अंगठा धरून ताऱ्यांवरून गिरकीचा वेग मोजला आणि जमिनीवर कळवला. हे मी नव्या मुलांना नेहमी सांगते. दिवा बसवताना तो लागलेला असताना कसा दिसेल हे बघायचंच, पण तो गेल्यावर माणसाने दार कुठे शोधायचं, हेही बघायचं. आपल्या शाळेच्या जिन्यात त्याचा विचार अजून झालेला नाही, काल रात्री उतरताना मी मोजून तीन वेळा ठेचकाळले.

एक गंमत सांगून मूळ मुद्द्यावर येते. पूर्ण अंधारात, डोळे मिटल्यावरही, अंतराळवीरांना मध्येच प्रकाशाच्या चमका दिसतात. अपोलोच्या वेळी हे प्रथम ध्यानात आलं. बाहेरून येणारे वैश्विक किरणांचे कण डोळ्यातून आरपार जातात, त्याच्या त्या चमका. तो दिवा बंद करण्याचं बटण अजून कोणाला बनवता आलेलं नाही.

आता अभ्यासिका. आपल्या बॅचतर्फे शाळेला अभ्यासिका बांधून देतो आहोत, पैसे जमले आहेत, आणि काल समितीने मला दिव्यांचं कोटेशन दाखवलं. "तू त्यातलीच आहेस, एकदा नजर घाल." घातली. बत्तीस दिवे, सगळे ६५०० केल्विन, छतात, एका बटणावर. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहणार, दहावी-बारावीच्या मुलांसाठी. मी रात्री झोपले नाही, आणि त्याला दिवा कारण नव्हता.

समितीचा यात दोष नाही, दुकानात हेच मिळतात आणि हेच स्वस्त. पण मी एकदा पेढे खाऊन गप्प बसले आहे, दुसऱ्यांदा बसणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या डोळ्याचं भिंग आपल्यासारखं पिवळं पडलेलं नसतं, बाहुली मोठी असते, त्यांच्या डोळ्यात 'नि' आपल्यापेक्षा जास्त शिरतो. अकरापर्यंत त्यांना दुपार दाखवायची आणि साडेअकराला घरी जाऊन झोप म्हणायचं. सकाळी सातला पुन्हा शाळा. ज्यांच्या घरी एकच खोली आहे, तीच मुलं अभ्यासिकेत येणार आहेत. त्यांना घरी उजेड नाही म्हणून आपण उजेड देतो आहोत, आणि त्यातूनच त्यांची झोप काढून घेतोय.

सर काल म्हणाले, "मग पिवळा मिणमिणता दिवा लावायचा का? मुलं पेंगतील." सर, तुमचा मुद्दा बरोबर आहे. वाचायला उजेड लागतोच, टेबलावर ३०० लक्स तरी हवा. म्हणून अंधार करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच. स्थानकासारखा तीन तऱ्हांचा दिवा आपल्याला परवडणार नाही आणि बिघडला तर इथे दुरुस्त कोण करणार. त्याऐवजी दोन वायरिंग करू. छतातले सोळा दिवे पांढरे, ४००० केल्विनचे, एका बटणावर. ते दुपारी आणि संध्याकाळी. उरलेल्या पैशांत प्रत्येक टेबलावर एक छोटा पिवळा, २७०० केल्विनचा दिवा, उजेड थेट वहीवर पडेल असा, डोळ्यांत येणार नाही असा. ते सगळे दुसऱ्या बटणावर. नऊ वाजता छताचं बटण बंद, टेबलाचं चालू. वही दिसेल, खोली मावळेल. आणि नऊनंतर मोबाइल दाराशी ठेवायचे, तो विषय मी बाईंवर सोडते, त्यांच्याइतका धाक माझा नाही.

हिशोब मी रात्री केला आहे. कोटेशनपेक्षा साडेसहा हजार जास्त लागतात. ते मी देते, वडिलांच्या नावाने. ते जाऊन चौदा वर्षं झाली. पाटीवर नाव नको, ते त्यांना आवडलं नसतं. फक्त एक करा. पूर्वेच्या दोन खिडक्यांना काच धुरकट लावायचं ठरलंय, ती साधी लावा. सकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलांच्या तोंडावर ऊन येऊ दे. सकाळचं ऊन फुकट आहे आणि त्याच्याइतका चांगला दिवा आमच्या प्रयोगशाळेत अजून आलेला नाही.

इलेक्ट्रिशियन आपल्याच वर्गातला आहे, तिसऱ्या रांगेतला, ट्यूब फोडणारा. तो जेवणानंतर टेप घेऊन माझ्याबरोबर अभ्यासिकेत येणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. जिन्यात जपून.